शनिवारी केलेलं अपडेट

मेहुणा: नाही होणार, भावोजी. चारच्या आत तर नाहीच नाही.

भावोजी: हे तू बोललेला नाहीस.

मेहुणा: अहो, बोललो की. आत्ता.

भावोजी: माझ्याकडे आवक झालेली नाही. तू फोन उचललास, मी हॅलो म्हटलं, इथपर्यंतच आलोय आपण. हॅलो.

मेहुणा: ...हॅलो.

भावोजी: कसा आहेस? जरा कॉम्प्युटरची अडचण होती.

मेहुणा: मी मजेत. हातात ओला टॉवेल, मानेत मोबाइल, घड्याळात तीन वीस. सांगा काय अडचण ती. मला काडीचं माहीत नाही असं धरून सांगा.

भावोजी: सकाळी अपडेट आलं, ते मी केलं. बंद करून परत चालू केलं. आता गेमवर टिचकी मारली की पडदा काळा होतो, कोपऱ्यात एक रेघ लुकलुकते आणि मग मुकाट्याने पहिल्या पानावर आणून सोडतो.

मेहुणा: शनिवारी अपडेट करायचं नाही, हे मी तुम्हाला कितीदा सांगितलंय?

भावोजी: चारदा. एकदा लेखी.

मेहुणा: मग?

भावोजी: वर लिहून आलं होतं, ‘महत्त्वाचे’. तेवीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढलीत मी. महत्त्वाचे असं लिहिलेला कागद उद्यावर टाकलेला नाही कधी.

मेहुणा: त्या कॉम्प्युटरवर सगळंच महत्त्वाचं म्हणून येतं. परवा घड्याळाचा रंग बदलला, तेही महत्त्वाचंच होतं.

भावोजी: तूच बसवलंस ना हे लिनक्स?

मेहुणा: बसवलं, कारण तुमचं ते डबडं दुसरं काही चालवायला तयार नव्हतं. आणि तेव्हा मी तुमचा मेहुणा होतो. आता कागदोपत्री कोणीच नाही.

भावोजी: तरी भावोजी म्हणतोसच की.

मेहुणा: मग काय म्हणू? भर रस्त्यात हाक मारू, ‘ओ, बहिणीचे माजी’?

भावोजी: बरं, आता पुढे काय ते सांग. गेल्या शनिवारी मुलीच्या भेटीच्या तासाला माझी एक गैरहजेरी लागलेली आहे.

मेहुणा: ते कळलं मला. नेमकं काय झालं होतं?

भावोजी: त्या दिवशी गेमनेच अपडेट मागितलं. पाच वाजून दहा मिनिटांनी संपलं. आत गेलो तर गेममधल्या बेटावर कुणी नव्हतं. आज लागोपाठ दुसरी लागली की समुपदेशक बाई फाइल परत उघडणार. त्यांचं पत्र आलंय, ‘सदर तासाची उपयुक्तता तपासण्यात येईल’. ही भाषा मी स्वतः रोज लिहितो, त्यामुळे मला तिचा अर्थ कळतो.

मेहुणा: काय अर्थ?

भावोजी: बंद.

मेहुणा: गेमऐवजी व्हिडिओवर बोलतो म्हणावं बाईंना.

भावोजी: बोललो ना पहिले तीन महिने. आमची मुंगी छताकडे बघत बसायची. मी विचारायचो शाळा कशी आहे, ती म्हणायची बरी. मग मीही माझ्या छताकडे बघायचो. तासाभरात दोन छतांची ओळख झाली चांगली. बेटावर गेल्यापासून पोर बोलायला लागली. टाइप करते भराभरा. आम्ही पूल बांधतोय.

मेहुणा: पूल?

भावोजी: तिच्या बेटावरून माझ्या बेटावर. बाईंना सांगितलं तर त्यांचे डोळे पाणावले. त्यांना वाटलं त्यात काहीतरी अर्थ आहे. मुंगीला माझ्या बाजूच्या मेंढ्या पाहिजेत, बाकी काही नाही.

मेहुणा: बरं, ऐका. कॉम्प्युटर बंद करा. चालू होताना एस्केप दाबून धरा, एक यादी येईल. अपडेटच्या आधीचं जे होतं, ते दुसऱ्या ओळीत असेल. ते निवडायचं, म्हणजे आज सकाळ झालीच नाही असं कॉम्प्युटरला वाटेल.

भावोजी: आली यादी.

मेहुणा: दुसरी ओळ निवडा.

भावोजी: यादीत एकच ओळ आहे.

मेहुणा: एकच कशी असेल? नवं बसवताना जुनं तसंच ठेवतो तो, मुद्दाम. ह्याच दिवसासाठी.

भावोजी: अपडेट संपल्यावर खाली लिहून आलं, ‘जुन्या वस्तू आता लागत नाहीत, काढायच्या का?’

मेहुणा: आणि तुम्ही...

भावोजी: हो म्हटलं.

मेहुणा: भावोजी!

भावोजी: दर वेळी म्हणतो. मुदत संपलेलं रेकॉर्ड ठेवलं तर जबाबदारी ठेवणाऱ्याची. आमच्याकडे त्याचं परिपत्रक आहे.

मेहुणा: जगात लाखो लोक लिनक्स वापरतात. त्यांतला एकही इतका शिस्तीचा नसेल. लोकांचे घोळ अव्यवस्थितपणामुळे होतात हो!

भावोजी: आता ओरडून ते परत येणार आहे का?

मेहुणा: नाही. थांबा, विचार करू द्या. काळा पडदा येतो म्हणजे ग्राफिक्स कार्ड. नवीन ड्रायव्हर आलाय आणि त्याने तुमच्या कार्डाला ओळख द्यायचं बंद केलंय. अकरा वर्षांचं आहे ना ते?

भावोजी: म्हणजे सेवानिवृत्त केलं.

मेहुणा: सेवानिवृत्तीत निरोपसमारंभ तरी होतो. जुना ड्रायव्हर उतरवून परत जोडावा लागेल. ती काळी खिडकी उघडा, मी अक्षरं सांगतो. चुकलात तर पुढे जाऊ नका.

(मेहुणा अक्षरं सांगतो. भावोजी एका बोटाने टाइप करतात. ह्यात सोळा मिनिटं जातात.)

भावोजी: आता आकडे पळतायत. खाली लिहिलंय, ‘शिल्लक वेळ: बावन्न मिनिटे’.

मेहुणा: आता किती वाजले?

भावोजी: तीन एकेचाळीस.

मेहुणा: म्हणजे साडेचार. आणि मी हे तुम्हाला सुरुवातीलाच...

भावोजी: शेजारच्याकडे जाऊ का?

मेहुणा: त्याच्याकडे गेम आहे?

भावोजी: त्याच्याकडे ऑफिसचा कॉम्प्युटर आहे. त्यात फक्त ऑफिस आहे. समुपदेशन केंद्राला कळवू?

मेहुणा: केंद्र उघडं आहे?

भावोजी: सोमवार ते शुक्रवार. भेटी शनिवारी ठेवतात आणि स्वतः शुक्रवारीच घरी जातात.

मेहुणा: ताईला लावून बघतो. मी तुमच्याशी बोलतोय हे कळलं तर ती माझं काय करेल माहीत नाही, पण लावतो. धरा फोन... बंद आहे.

भावोजी: आत्तापासूनच? अजून पंधरा मिनिटं आहेत.

मेहुणा: ह्या तासात ती फोन बंद करून खाली उतरते. इमारतीभोवती फेऱ्या मारते. मुंगीने सांगितलं मला.

भावोजी: का?

मेहुणा: असंच. चालायला.

भावोजी: शनिवारी चार ते पाच चालायला?

मेहुणा: भावोजी, तुमच्याबद्दल वाईट बोलत नाही ती. चालते फक्त. बारा फेऱ्या होतात म्हणे.

भावोजी: म्हणजे पोर घरात एकटी. तिच्याकडे फोनही नाही. ती चारला आत जाणार आणि बेटाच्या धक्क्यावर उभी राहणार. गेल्या वेळी पूर्ण तास उभी होती. गेममध्ये नोंद राहते, मी पाहिली नंतर. चार ते पाच, जागा धक्का, हालचाल शून्य.

मेहुणा: मी माझ्या नावाने आत जाऊन तिला सांगू का?

भावोजी: बेट दोघांचंच आहे. तिसरा माणूस आत घेत नाही.

मेहुणा: मग एकच उरतं. तुमच्या नावाने जातो.

भावोजी: काय?

मेहुणा: माझ्या लॅपटॉपवर गेम आहे. तुमचा पासवर्ड द्या. गेमला काय, नाव आलं की माणूस आला. तासभर मी तुम्ही होतो. कॉलेजात सगळे करायचे हे, एकाने दोघांची हजेरी लावायची.

भावोजी: मी हजेरीपट सांभाळणारा माणूस आहे. खोट्या सहीबद्दल एकाची वेतनवाढ थांबवलीय मी.

मेहुणा: तर मग तुमची खरी गैरहजेरी लागू दे.

भावोजी: मुंगीला आधीच सांगायचं का, की मामा आहे म्हणून?

मेहुणा: सांगितलं तर तिला ते ताईपासून लपवावं लागेल.

भावोजी: आणि नाही सांगितलं तर आपण तिला फसवतोय.

मेहुणा: तीन बावन्न.

भावोजी: पोराच्या गळ्यात खोटं अडकवण्यापेक्षा आपल्या गळ्यात बरं. लिहून घे. चार, सात, शून्य, तिरकी रेघ, दोन, शून्य...

मेहुणा: हा कसला आकडा?

भावोजी: आहे एक नोंदणी क्रमांक.

मेहुणा: तुमच्या लग्नाच्या दाखल्यावरचा?

भावोजी: पाठ आहे.

मेहुणा: बदला हो.

भावोजी: बदलला तर नवीन लक्षात राहणार नाही. पुढे लिही.

मेहुणा: ...झालं. उघडतोय. बघा, माझ्याकडे लॅपटॉपचा पंखाही न घरघरता चालू झाला. आलो. हे बेट तुमचं?

भावोजी: मेंढ्या आहेत?

मेहुणा: सात.

भावोजी: मग माझंच. पुढे जा, पूल दिसेल. पलीकडच्या टोकाला धक्का आहे. आली आहे का ती?

मेहुणा: लाल टोपी?

भावोजी: लाल टोपी. आहे?

मेहुणा: आहे. उभी आहे.

भावोजी: आधी नमस्कार करायचा. खाली बसायचं, उठायचं. दोनदा.

मेहुणा: केला. तिने पण केला. तीनदा केला.

भावोजी: तीनदा? आतापर्यंत दोनदाच असायचा.

मेहुणा: लिहितेय. ‘मला वाटलं आजपण नाही येणार.’

भावोजी: लिही, ‘मागील शनिवारी तांत्रिक कारणास्तव अनुपस्थित राहिलो, त्याबद्दल दिलगीर आहे.’

मेहुणा: दहा वर्षांच्या मुलीला तुम्ही असं लिहिता?

भावोजी: लिही तू. हळू लिही, मला एका ओळीला दोन मिनिटं लागतात.

मेहुणा: लिहिलं. आता दोन मिनिटं मी नुसता बसलोय... पाठवलं. तिचं उत्तर आलं. ‘खुलासा मान्य. पुन्हा असे होऊ नये.’

भावोजी: बघ.

मेहुणा: ही मुलगी मोठी झाल्यावर लोकांना रडवणार आहे. पुढे काय करू?

भावोजी: फळ्या घे. माझ्या बाजूने नऊ झाल्यात, दहावी ठोकायची. तिच्या बाजूच्या चौदा आहेत.

मेहुणा: एवढा फरक? तुम्ही तर म्हणाला होतात गेममध्ये हात बसलाय.

भावोजी: बसलाय. ती लहान आहे, तिचा वेग जास्त.

मेहुणा: दहावी ठोकली. अकरावी घेतो. ती लिहितेय. ‘माझी दाढ काढली. दुखलं नाही. थोडं दुखलं.’

भावोजी: दाढ? कधी? कुठली दाढ?

मेहुणा: मंगळवारी. डावीकडची, खालची.

भावोजी: एवढं सगळं लिहिलं तिने?

मेहुणा: नाही. मीच घेऊन गेलो होतो तिला.

भावोजी: अच्छा.

मेहुणा: ताईला सुट्टी नव्हती म्हणून.

भावोजी: बरोबर आहे. कुणीतरी जायलाच हवं. रडली का?

मेहुणा: डॉक्टर रडकुंडीला आले. प्रत्येक अवजाराचं नाव विचारत होती. दाढ डबीत घालून घरी आणलीय.

भावोजी: लिही, ‘कोणती दाढ? कधी?’

मेहुणा: अहो, सांगितलं ना आत्ता.

भावोजी: मला तिच्याकडून कळायला हवं. लिही.

मेहुणा: लिहिलं... ‘डावीकडची. मंगळवारी. मामा होता.’

भावोजी: ‘शाब्बास’ लिही.

मेहुणा: कुणाला, तिला का मामाला?

भावोजी: दोघांना मिळून एकच लिही.

मेहुणा: तेरावी फळी. चार सतरा झालेत. कॉम्प्युटर काय म्हणतोय तुमचा?

भावोजी: एकोणचाळीस मिनिटं शिल्लक.

मेहुणा: मघाशी बावन्न होती. छत्तीस मिनिटांत तेरा मिनिटं संपली. चांगला वेग आहे. तुमच्या ऑफिसातला दिसतो... थांबा. ही काहीतरी विचित्र लिहितेय.

भावोजी: काय?

मेहुणा: ‘आज एकदाही पडला नाहीत.’ कुठे पडला नाहीत? भावोजी, कुठे पडायचं असतं?

भावोजी: पाण्यात.

मेहुणा: कोण पडतं पाण्यात?

भावोजी: मी. फळी ठोकली की वळताना पडतो. पोहत काठाला यायचं, परत चढायचं. तासात दोन फळ्या होतात.

मेहुणा: आणि हे आत्ता सांगताय? नमस्कार सांगितला, दोन मिनिटं सांगितली, टोपीचा रंग सांगितला!

भावोजी: तूच शिकवला होतास गेम. तुला म्हटलं होतं, जमतो म्हणून. कसं सांगायचं?

मेहुणा: बरं, पडतो. आत्ता पडतो. झालं, पडलो पाण्यात. पोहतोय. मुद्दाम वाकडा पोहतोय.

भावोजी: काय म्हणतेय?

मेहुणा: काही नाही. उभी आहे. बघतेय.

भावोजी: चढ वर.

मेहुणा: चढलो. लिहितेय... ‘मामा, उगाच भिजू नकोस.’

भावोजी: झालं.

मेहुणा: आता काय लिहू? नाही म्हणू? मी बाबाच आहे म्हणू?

भावोजी: काही लिहू नकोस. जाते का ती?

मेहुणा: नाही गेली. लिहितेय अजून. ‘पाच वाजेपर्यंत थांब. आधी गेलास तर त्यांची गैरहजेरी लागेल. मी आईला नाही सांगणार. आणि...’

भावोजी: आणि काय?

मेहुणा: काही नाही, मेंढ्यांचं काहीतरी.

भावोजी: मेंढ्यांचं असतं तर तीन ओळी असत्या. वाच.

मेहुणा: राहू दे ना, भावोजी.

भावोजी: वाच म्हणतो ना.

मेहुणा: ‘आणि बाबांना सांगू नको मी ओळखलं ते. त्यांना वाटेल त्यांना गेम येत नाही हे मला कळलंय.’ भावोजी?

भावोजी: आहे मी. लाइन चालू आहे.

मेहुणा: उत्तर द्यायला हवं. ती वाट बघतेय.

भावोजी: तिने तुला विचारलंय. तू दे.

मेहुणा: ‘नाही सांगणार’ असं लिहू?

भावोजी: लिही.

मेहुणा: लिहिलं. आता ती चालायला लागली. तिच्या बाजूची पंधरावी फळी ठोकतेय. मी काय करू?

भावोजी: तू पण ठोक. जास्त ठोकू नकोस. पुढच्या शनिवारी मला काही काम राहायला पाहिजे.

मेहुणा: बरं. रडताय का?

भावोजी: आकडे मोजतोय. तिने मामा असं लिहिलं ते नोंदीत राहील का?

मेहुणा: बोललेलं राहत नाही. वेळ राहते फक्त.

भावोजी: चांगली पद्धत आहे. आमच्याकडे उलटं असतं.

मेहुणा: सोळावी झाली तिची. मी पाण्यात पडून वेळ काढतोय. ती हसतेय बहुतेक. टोपी हलतेय.

भावोजी: अरे.

मेहुणा: काय झालं?

भावोजी: इथे झालं बहुतेक. एकदम एकोणतीस मिनिटं शिल्लकवरून ‘पूर्ण’ आलं. बंद करून चालू करू?

मेहुणा: करा! करा पटकन! चार छत्तीस.

भावोजी: होतंय... एस्केप दाबायचं का?

मेहुणा: कशालाही हात लावू नका. नुसते बघा.

भावोजी: आला. गेम उघडतोय. पडदा काळा नाही. निळा आहे. पाणी दिसतंय. अरे, पाणी दिसतंय!

मेहुणा: मी बाहेर पडतो, तुम्ही आत या.

भावोजी: थांब. लिहिलंय, ‘हे खाते अन्य ठिकाणी वापरात आहे. सध्याचा वापरकर्ता बाहेर पडल्यानंतर तीस मिनिटांनी प्रयत्न करा.’

मेहुणा: तीस? कशाला तीस? चोर आहोत का आपण?

भावोजी: तसं म्हटलं तर, आहोत.

मेहुणा: चार एकेचाळीस. मी आत्ता बाहेर पडलो तर तुम्ही पाच अकराला आत. ती काय, मी काय, सगळेच गेलेले असतील. आणि तासही तुटेल.

भावोजी: तू आतच राहा.

मेहुणा: मग तुम्ही काय करणार एकोणीस मिनिटं?

भावोजी: इथे बसतो. पहिल्या पानावरून समुद्र दिसतो थोडा. तुम्ही दोघं कुठल्या बाजूला आहात?

मेहुणा: ते नुसतं चित्र आहे, भावोजी. तिथून खरं बेट दिसत नाही.

भावोजी: माहीत आहे. तरी पण.

मेहुणा: ...डावीकडे. डावीकडे आहोत.

भावोजी: हं.

मेहुणा: तुमची एक मेंढी पुलावर आलीय. मुंगी तिला बोलावतेय. मध्ये चार फळ्यांची फट आहे, त्यामुळे मेंढी नुसती उभी आहे.

भावोजी: ढकलू नकोस तिला.

मेहुणा: नाही ढकलत. दोघी एकमेकींकडे बघतायत.

भावोजी: बघू दे.

मेहुणा: ...पाच वाजायला एक. ती नमस्कार करतेय. तीनदा. लिहितेय, ‘बाय बाबा’.

भावोजी: बाबा लिहिलं?

मेहुणा: बाबा लिहिलं.

भावोजी: सवयीने लिहिलं असेल.

मेहुणा: असेल. गेली. पाच वाजले. हजेरी लागली, भावोजी. चार ते पाच, हालचाल भरपूर, पडझड सहा वेळा. कुणाच्या बापाला... म्हणजे, कुणाला कळायचं नाही.

भावोजी: तुझे टॉवेल वाळत घालायचे असतील.

मेहुणा: राहू दे टॉवेल. पुढच्या शनिवारी मी साडेतीनलाच फोन करतो. मधल्या दिवसांत कशावरही हो म्हणू नका.

भावोजी: ही अपडेटं पाठवतं कोण रे?

मेहुणा: कोणी एक नाही. जगभरातली माणसं आहेत, बरीचशी फुकट राबतात. कुणाला तुमचं वाईट करायचं नसतं, बरं करायचं असतं. तक्रार असली तर एका यादीत टाकायची. आपली चौदा हजारच्या पुढे कुठेतरी जाईल.

भावोजी: आवक क्रमांक मिळतो?

मेहुणा: तो मिळतो. बाकी काही नाही मिळत.

भावोजी: पुरे आहे. लिहून घे. प्रति, संबंधित.

मेहुणा: आत्ता?

भावोजी: विषय, वेळेबाबत. महोदय, अर्जदार आपल्या सेवेबद्दल आभारी आहे. अर्जदारास एक मुलगी... नको, मुलगी काढ, त्यांना काय करायचंय. उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, दर शनिवारी दुपारी चार ते पाच ह्या वेळेत कुठल्याही गोष्टीत, कुठल्याही कारणास्तव, कसलीही सुधारणा करण्यात येऊ नये.